रशीदचा डावा डोळा

डोळ्यातला वडस एकदा कापला की परत येत नाही, असं मी रशीद शिंप्याला ठासून सांगितलं. डॉक्टरांनी मला नेमकं उलटं सांगितलं होतं. पण डोळ्यांच्या शिबिराला माणसं नेणारा गुरुजी म्हणून मी तेव्हा असा फुगलो होतो, की गैरसोयीचं ऐकूच येत नव्हतं.

रशीदला जाऊन महिना झाला. हृदय बंद पडलं म्हणे... बातमी आली तेव्हा मी वर्गात शुद्धलेखन सांगत होतो. सांगतच राहिलो.

त्याचं शिलाई मशीन आयुष्यभर उघड्यावर. आज राजूरचा बाजार, उद्या धावड्याचा, डोक्यावर एक पोतं बांधलेलं. उन्हाधुळीनं डाव्या डोळ्यात नाकाकडून मांसाचा पडदा, तोच वडस, वाढत बाहुलीला टेकला. शाळा सुटली की मी त्याच्यापाशी बसायचो आणि तो दोरा ओवायला सुई माझ्याकडे द्यायचा. एवढीच माझी नोकरी, पण शाळेपेक्षा जास्त आवडायची.

जालन्याच्या शिबिरात वडस निघाला. डोळा लख्ख झाला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, काही महिने ऊन-धूळ टाळा म्हणाले. आणि मी काय केलं, तर पुढच्या शिबिराला माणसं तयार करायची म्हणून भर बाजारात, भर दुपारी त्याचा हात धरून दुकानोदुकानी फिरलो. काढ चष्मा, दाखव यांना. तो काढायचा, धुळीत डोळा मिचकावायचा. एकदाच म्हणाला, "बस करा गुरुजी, लोकं डोळ्यापेक्षा तुमच्याकडंच बघून राह्यले."

वर्षाच्या आत वडस परत आला. जाड, लालभडक. मी पाहिलं आणि म्हणालो, जरा लाली आहे, उतरेल. रशीदनं सुई उचलली, तीनदा हुकला, चौथ्यांदा दोरा ओवला. माझ्याकडे दिली नाही.

त्यानंतर मी गिरणीमागच्या रस्त्यानं शाळेत जाऊ लागलो. लांबून तो काळा चष्मा दिसायचा आणि मी समजायचो, डोळा गेला, माझ्यामुळे गेला. अशी चार वर्षं... संध्याकाळी दोरा ओवायला कुणी नाही, म्हणून मी वह्या तपासायचो. तपासलेल्यासुद्धा.

परवा धीर करून रशीदच्या बायकोकडे, भाभींकडे गेलो. म्हणालो, रशीदचा डोळा मी घालवला. त्या बघतच राहिल्या. डोळा कुठं गेल्ता? त्याच साली तो एकटाच औरंगाबादला जाऊन पुन्हा कापून आला होता. दोन महिने मशीन बंद ठेवून घरात सावलीला बसला. वडस परत आला नाही. शेवटपर्यंत सुई स्वतःच ओवायचा. चष्मा नुसता उन्हासाठी.

मला का कळवलं नाही, असं मी विचारलं. मला वाटतं, विचारायला नको होतं.

"मी म्हणल्ते, गुरुजींना सांगा," भाभी म्हणाल्या. "ते म्हणले, बिलकुल नको. गुरुजी डोळा बघायला येतील, मला न्हाई."