आयोडीन आणि जांभळं रेशीम

नववीच्या वर्गाला मी गेली बारा वर्षं समस्थानिकं शिकवतो. ‘प्रोटॉन तेवढेच, इलेक्ट्रॉन तेवढेच, फक्त न्यूट्रॉन कमी-जास्त’ हे वाक्य मी झोपेतही बडबडतो, असं बायको म्हणते. पण ते वाक्य एक दिवस आमच्या वडगावच्या घरात मुक्कामाला येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

आईच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी नको तेवढ्या जोरात काम करत होती. हात थरथरायचे, छाती धडधडायची. बेळगावच्या दवाखान्यात ग्रंथीचा जोर कमी करायला तिला किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी दिली आणि बजावलं, की तीन आठवडे लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही. आमची मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची. आजीच्या मांडीशिवाय तिला झोप येत नसे. मी म्हटलं, दोघींना खानापूरला, बायकोच्या माहेरी पाठवतो. आई म्हणाली, “नको रं. घ्यायची न्हाय तर न्हाय, पर डोळ्यांनी दिसू दे की.”

मागच्या खोलीत तिचं अंथरूण, ताट, तांब्या असं सगळं वेगळं झालं. तिला त्यात नवं काहीच नव्हतं. माझ्या लहानपणी महिन्यातले चार दिवस ती याच खोलीत कडेला बसायची. माझे वडील, आप्पा, हातमागावरून उठून जाडजूड भाकऱ्या थापायचे आणि मी दारात उभा राहून भोकाड पसरायचो. मग आई आतून म्हणायची, “रेशमाला विटाळ न्हाय. रेशीम गुंडाळून द्या त्याला.” आप्पा साडीचा एक उरलेला जांभळा तुकडा माझ्याभोवती गुंडाळायचे, की मी तिच्या मांडीत. रेशीम गालाला गार लागायचं. थोड्या वेळानं आप्पांचा माग पुन्हा खटखटू लागायचा आणि मला झोप लागायची. तेवढं सुख पुढं मला कशातही मिळालं नाही, हे सरळच सांगून टाकतो.

चौथ्या दिवशी शाळेतून आलो तर आई खोलीच्या दारात बसलेली आणि तिच्या मांडीवर तोच जांभळा तुकडा. इतकी वर्षं तिनं तो ट्रंकेत जपला होता. चार पावलांवर बायको मुलीला कडेवर घेऊन घुटमळत होती. सासूला नाही म्हणणं तिला जड जात होतं.

“आलास व्हय? तुझीच वाट बघत बसलीया,” आई म्हणाली. “पोरीला यात गुंडाळ आणि दे हिकडं. रेशमातनं लागत न्हाय.”

माझं डोकंच फिरलं. दिवसभर वर्गावर ओरडून आलेला मास्तर घरातही ओरडला, “आई, हा विटाळ नव्हे. ते सगळ्यातनं जातं. रेशमातनं जातं, लुगड्यातनं जातं, दारातनंसुद्धा जातं.”

मुलगी दचकून रडायला लागली. आईनं तुकड्याची घडी घातली.

चहा झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. चार पावलांवर पाट टाकून बसलो आणि तिला सगळं नीट सांगितलं. अणूच्या मध्यभागी केंद्रक, बाहेर इलेक्ट्रॉन. नेहमीच्या आयोडीनला त्रेपन्न प्रोटॉन आणि त्रेपन्न इलेक्ट्रॉन, याही आयोडीनला तेवढेच. न्यूट्रॉन मात्र चार जास्त, म्हणून केंद्रकाला स्वस्थता नाही, आणि त्यातून किरण बाहेर पडतात. अणूचे इतरांशी व्यवहार चालतात ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर. त्यामुळे गळ्यातल्या ग्रंथीला दोन्ही आयोडीन सारखीच, आणि ती यालाही आपलं समजून आत घेते.

“बाहेरनं सारखंच असल्यावर तिला तरी काय कळणार,” आई म्हणाली. “आणि जातंय कवा ते?”

“आठ दिवसांत निम्मं. पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचं निम्मं.”

“म्हंजे सपतच न्हाय की.”

“पोरीला घेण्याइतकं कमी होतं,” मी म्हटलं.

ती थोडा वेळ घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “रेशमाचं ते मीच काढल्यालं. पूजेला रेशीम नेसत्यात, तेवढं म्हाईत. त्यावरनं तुझ्या आप्पास्नी पटवलं. तू लई रडायचास रं.”

विटाळाचा नियम माणसांनी केलेला होता, म्हणून तिला त्यातून वाट काढता आली. माझ्या विज्ञानात तसली वाट नव्हती, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं.

तीन आठवडे आई दारातूनच टाळ्या वाजवत राहिली. मुलगी भिंतीला धरून उभी राहायला शिकली, तेही तिनं तिथूनच पाहिलं. डॉक्टर ‘आता घ्या’ म्हणाले त्या दिवशी आई अंघोळ करून पुढच्या सोप्यात येऊन बसली. मी मुलीला जांभळ्या तुकड्यात गुंडाळलं आणि तिच्या मांडीत ठेवलं.

“आता कशाला रं ह्ये?” ती म्हणाली.

“बघायचं होतं,” मी म्हटलं. “मी त्यात असताना मला दिसलं नव्हतं.”

आई मुलीला थोपटू लागली. मी चार पावलं पुढं आलो आणि तिला खेटून बसलो.