चहाचा रकाना

फोनवर 'मिलिंददादा' असं नाव आलं तेव्हा मी कोलशेतच्या घरी मेथी निवडत बसलेले. रविवारची सकाळ. दादांचा रविवारी फोन म्हणजे कारण एकच, म्हणून उचलल्या उचलल्या म्हटलं, "बोला दादा, लाईट गेली का?"  पलीकडून त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा आवाज आला, "आत्या, पप्पा गेले." पहाटे छातीत कळ आली, दारात रिक्षा येईपर्यंतही थांबले नाहीत. चोपन्न वर्षांचा माणूस... जन्मभर सगळ्यांना "घाई नको" सांगत आला आणि स्वतः असा निघून गेला. मला त्यांचा रागच आला, खरं सांगते. मेथी तशीच टाकून मी कल्याणजवळ मोहन्याला, त्यांच्या घरी निघाले.

ठाण्यात खोपटजवळच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत आम्ही दोघांनी बरोबर काम केलं. सुरुवातीला कॉम्प्युटर विभाग म्हणजे दादा आणि मी, बस. त्यांचे वडील मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर दादांनी दिवसा नोकरी आणि संध्याकाळी क्लास असं करत शिक्षण पुरं केलेलं. कुठल्याही गोष्टीला ते एवढा वेळ लावायचे की माझं डोकं फिरायचं. मी जन्माची उतावळी. "अगं स्मिता, तुला पोळी फुगायच्या आधी ताटात हवी असते," असं ते मला म्हणायचे आणि स्वतःच हसत बसायचे.

आमच्या सर्व्हरमध्ये हजारो रक्तदात्यांची नोंद होती. नाव, गट, फोन, शेवटचं रक्तदान कधी केलं, सगळं. सर्व्हर काही लिहीत असताना वीज गेली की नोंद अर्धवट लिहिली जाते, आणि मग तो पुन्हा उठायला नकार देतो. दादांचा त्यासाठी एक नेम होता. वीज आली रे आली की बटणाला हात लावायचा नाही. खाली जायचं, चहा प्यायचा, सावकाश वर यायचं. कारण आमच्याकडे वीज एकदा येऊन कधी गप्प बसत नाही, दोनदा तरी हुलकावणी देते. त्यानंतरही सर्व्हर उठला नाही, तर आधी बिघडलेल्या फायलींची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि मगच दुरुस्तीला लागायचं. "पडलेल्या माणसाला कोणी दंडाला धरून लगेच उभं करतं का? आधी बघायचं ना, कुठे लागलंय." हे सगळं लिहायला त्यांनी एक रजिस्टर केलेलं. त्यात रकाने आखलेले : वीज गेली, वीज आली, चहा, बटण, कोणी. चहाच्या रकान्यातसुद्धा वेळ लिहावी लागायची. बाहेरची माणसं ते बघून हसत, आणि मीही हसायचे.

बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली दुपार. दादांच्या वडिलांना जाऊन काही दिवस झालेले आणि त्या दिवशी मोहन्याला घरी त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध रीतीचं दिवसकार्य होतं, म्हणून दादा रजेवर. भागातला ट्रान्सफॉर्मर उडाला. युपीएसच्या बॅटऱ्यांनी पाच मिनिटांत मान टाकली आणि सर्व्हर धाडकन बंद पडला. तासाभराने वीज आली, मी लगेच बटण दाबलं, पण डेटाबेस उघडेना. तेवढ्यात कल्याणच्या एका हॉस्पिटलचा फोन. बाळंतपणात एका बाईला रक्तस्राव थांबत नव्हता, ओ निगेटिव्ह हवं होतं. पेढीत ते नव्हतं. ज्यांना हाक मारायची त्या दात्यांचे नंबर होते सर्व्हरच्या पोटात. ट्रस्टचे सेक्रेटरी नानासाहेब माझ्या खुर्चीमागे उभे. मी बाहेर जिन्यात जाऊन दादांना फोन लावत सुटले, पण दरवेळी बंदच. शेवटी कॉपी न घेता मी सरळ मूळ फायलींवरच जबरदस्तीची दुरुस्ती चालवली.

डेटाबेस उघडला. दोन दाते सापडले, ते लगेच गेले, ती बाई वाचली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, नानासाहेबांनी पाठ थोपटली. आणि मग लक्षात आलं की शेवटच्या पाच महिन्यांच्या नोंदी गायब आहेत. दुरुस्तीने वाचता न आलेला भाग पुसूनच टाकलेला. हरकत नाही, बॅकअप आहे ना? बॅकअप उघडला तर तो रिकामा. आता नीट सांगते, कारण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दर शनिवारी तो बॅकअप जुन्या मशीनवर उघडून बघायचं काम माझं होतं. कित्येक महिने मी तो न उघडताच 'बघितला' अशी खूण करत होते. ती बाई अडली होती म्हणून घाई केली, हे कुणीही समजून घेईल. त्या खुणांना मात्र काहीच उत्तर नव्हतं.

दादा संध्याकाळी आले, अंगावर घरच्या कार्यक्रमाचे पांढरे कपडे तसेच. "कॉपी घेतलेलीस?" एवढंच विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी शनिवारच्या खुणांचं पान उघडलं, बघितलं आणि मिटलं. मग नानासाहेबांकडे गेले. मी दाराशीच उभी होते. "तिला मीच फोनवर सांगितलं, दुरुस्ती चालव म्हणून," दादा म्हणाले. "आणि बॅकअप बघणं माझंच काम. राहून गेलं." मी तोंड उघडायला हवं होतं. घरी आई आजारी, नोकरी कच्ची... कारणं काय, हवी तेवढी मिळतात. मी गप्प राहिले.

पुढचे दोन महिने शिबिरांचे कागदी फॉर्म खोक्यांतून काढून आम्ही एकेक नोंद पुन्हा भरली. दादा रविवारीही डबा घेऊन यायचे. त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांना विभागप्रमुख करायचं ठरत होतं, ते बारगळलं आणि बाहेरचा माणूस आणला. काही वर्षांनी तो सोडून गेला तेव्हा ती जागा मला मिळाली, का, तर "मिलिंदकडून एकदा मोठी चूक झालीय." माझ्या हाताखाली ते आठ वर्षं राहिले. मुद्दाम 'मॅडम' म्हणून हाक मारायचे, चिडवायला. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण तो त्यांचा स्वभावच नव्हता. रोज वाटायचं, आज सांगू नानासाहेबांना. रोज काहीतरी निघायचं आणि राहून जायचं.

दादांचं पुण्यानुमोदन त्याच मोहन्याच्या घरी झालं. बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, आणि मी स्वयंपाकघरात दादांच्या बायकोजवळ, कुंदावहिनींजवळ गेले. म्हटलं, वहिनी, एक सांगायचंय, आणि एका दमात सगळं ओकले. वहिनी वरण ढवळत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

"मला माहितेय गं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता, बंद करून ठेवलेला. मग तुला सांगणार कसे?"

मी तिथेच फरशीवर बसले. मी विचारलं, मग तुम्ही कधी काही बोलला का नाहीत?

"मी भांडले की यांच्याशी. तुमची बढती गेली, जाऊन खरं सांगा म्हटलं. तर म्हणाले, ती पोरगी येऊन स्वतः सांगेल. घाई नको."

त्यानंतर वहिनींनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पंगतीत पाणी वाढायला पाठवलं. मी वाढत होते, डोळ्यांतून धार लागलेली, आणि लोकांना वाटत होतं, किती माया होती हिची. माया होतीच. पण ते रडू काही नुसत्या मायेचं नव्हतं. बारा वर्षं तो माणूस माझ्यासमोर बसून वाट बघत होता, आणि मी समजत होते की तो विसरलाय.

मंगळवारी पेढीत गेले. सर्व्हरच्या खोलीत दादांची खुर्ची आहे, तिच्या पाठीवर त्यांचा नॅपकिन अजून तसाच वाळत घातलेला. कुणी उचलला नाही, मीही उचलला नाही. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि ते पान शोधलं. वीज गेली, वीज आली, बटण, सगळ्या वेळा दादांच्या ठसठशीत अक्षरात. चहाचा रकाना कोरा. 'कोणी'च्या रकान्यात : मिलिंद, फोनवरून. त्यांच्या प्रत्येक पानावर चहाची वेळ आहे. हे एकच पान तसं नाही, आणि इतक्या वर्षांत कुणालाही शंका आली नाही, की मिलिंदने सांगितलेलं असतं तर चहा राहिला असता का?

त्यांच्या नावावर एक रेघ मारली आणि शेजारी माझं नाव लिहिलं. अक्षर वाईट आलं. नानासाहेब आता फार थकलेत, फक्त मंगळवारी येतात. खाली चहा उकळल्याचा वास येत होता. रजिस्टर उचललं आणि तशीच त्यांच्या केबिनकडे निघाले. चहाला थांबले नाही.