नेटीच्या डोळ्यांतलं पाणी

नेटी स्ट्रॉबेलला हुकमी रडता येतं, अशी हॉलिवूडभर ख्याती होती. नाचात तिच्याहून सरस पोरी ढिगानं होत्या आणि गाण्याच्या नावानं तर आनंदच होता. पण कॅमेरा फिरू लागला की तिचे डोळे भरून येत, एक थेंब गालावर उतरे आणि थेटरातल्या बायका रुमाल शोधू लागत. त्या एका थेंबावर मायलेकींचं घर चाललं होतं.

हुकमी कसलं डोंबल! रडवण्याचं खातं आईकडे होतं. शॉटच्या आधी ओपल लेकीच्या कानाशी लागून काहीतरी अभद्र सांगे. कुत्रं मोटारीखाली आलं, कॅन्ससमधलं आजीचं घर जळालं. पोर हमसून रडे. शॉट संपला की ओपल तिला कुशीत घेऊन म्हणे, "खोटं होतं गं, वेडाबाई." मग आइस्क्रीम. सेटवरच्या बऱ्याच आया हेच करत आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे. वाटायला हवं होतं. पण करार पुढे चालवायचा की नाही, हे स्टुडिओ दर सहा महिन्यांनी ठरवी, आणि गरज सरो वैद्य मरो हा तिथला कायदाच होता.

आता नेटी दहा वर्षांची झाली होती. पोस्टरवर आठ. कुत्रं किती वेळा मरणार? गेल्या सिनेमात तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागले आणि ते पडद्यावर ओळखू आले. या सिनेमात तिचं लाडकं शिंगरू विकायला नेतात, असा प्रसंग होता. तो साधला नाही तर पुढचा करार नाही, हे ओपलला पक्कं ठाऊक होतं.

हा प्रसंग घ्यायचा त्याच दिवशी पहाटे कॅन्ससहून नणंदेचा फोन आला. नेटीचे वडील एमेट गावच्या रेल्वे स्टेशनवर नोकरी सांभाळून मागे राहिले होते. जूनमध्ये येऊन लेकीला समुद्रात पोहायला शिकवणार होते. तिकडच्या वादळांतली धूळ छातीत साचत गेली आणि ते रात्री गेले. फोन ठेवून ओपल न्हाणीघरात नळ सोडून रडली, तोंड धुतलं आणि ठरवलं की आधी काम, पोरीला संध्याकाळी घरी सांगायचं.

सेटवर सगळी सकाळ फुकट गेली. नेटीचे डोळे कोरडे ठणठणीत. दिग्दर्शक कॅनव्हन तसा ओरडणारा माणूस नव्हता. त्यानं ओपलला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की अशाच कुरळ्या केसांची दुसरी मुलगी बाहेर बसली आहे.

ओपल लेकीपुढे गुडघ्यांवर बसली.

"कुत्र्याचं नको सांगूस ममा," नेटी कुजबुजली. "मला हसू येतं."

"तुझे पप्पा गेले, नेटी. काल रात्री."

नेटीनं आईच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिचा ओठ थरथरला. कॅनव्हननं खूण केली, कॅमेरा फिरू लागला, आणि असं रडणं त्या स्टुडिओत कुणी पाहिलं नव्हतं. दिवेवालेसुद्धा नाक ओढू लागले. ओपल दिव्याच्या खांबामागे उभी होती. तिला स्वतःची शिसारी आली. त्याहून वाईट म्हणजे काम झालं म्हणून हायसंही वाटलं.

शॉट संपताच नेटी ओल्या गालांनी हसत धावत आली.

"आजचं सगळ्यात भारी होतं, ममा! तुझे डोळेपण अगदी खरे वाटले. खरं तर तूच सिनेमात काम करायला हवंस." ती आईच्या हाताला लोंबकळली. "आता म्हण ना, खोटं होतं गं."

ओपलनं तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून कॅनव्हन म्हणाला की अप्रतिम झालं, आता हेच जवळून घ्यायचं, तोवर आईनं पोरीची समजूत काढू नये.

"अच्छा, म्हणून थांबलीस होय!" जुन्या कसलेल्या नटीसारखी नेटीनं मान हलवली. "मग जवळचा शॉट झाला की म्हण."

ती खडूच्या खुणेवर जाऊन उभी राहिली आणि पप्पा गेल्याचं पुन्हा मनात आणू लागली.