वाणाचे रुमाल आणि हॉलंडचं तिकीट

हॉलंडहून पत्र आलं तेव्हा मी लखनऊला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. फळझाडांच्या कलमांचं सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. राहणं-जेवण त्यांचं, विमानाचं तिकीट आपलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून निम्म्या तिकिटाचा ड्राफ्ट पाठवला आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, ‘बाकीचं तू बघ.’ ते फेब्रुवारी संपायच्या आत बघायचं होतं. नाहीतर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती.

संक्रांत जवळ आली होती. छावणीत आणि अलीगंजात मिळून पंधराएक मराठी घरं होती. कुणी सैन्यात, कुणी रेल्वेत. छावणीतल्या एका मेजरसाहेबांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. दर महिन्याला एकदा तरी त्या मला जेवायला बोलवत. त्या दिवशी वरणभात वाढता वाढता म्हणाल्या, “हळदीकुंकवाला वाण काय द्यावं, सुचतच नाही बाई. इथे बाजारात जाऊन घासाघीस कोण करणार?”

मी म्हटलं, “मी आणून देतो. अमीनाबादेतून, ठोक भावात. वर थोडं माझं ठेवीन, तिकिटासाठी.”

“ठेव की! पण काय देणार ते कुणाला सांगू नकोस हं.”

मग मी सायकलवरून सगळ्या मराठी घरांत जाऊन आलो. सात घरांनी पैसे हातात दिले, बाकीची नको म्हणाली. प्रत्येक घरी तेच बजावणं, “बाहेर कळता कामा नये.” मी प्रत्येकीला शब्द दिला.

अमीनाबादेत पांढऱ्यावर पांढऱ्या चिकनकामाचे नाजूक रुमाल मिळाले. भाव उत्तम पडत होता. मी एकदम चौदा डझन मागितले तेव्हा दुकानदारांनी चष्मा वर केला.

“मियाँ, पूरी बारात को रुला रहे हैं क्या?”

सातही घरी गठ्ठे पोचवले. हिशेब नीट जमत होता आणि मी मनातल्या मनात हॉलंडला पोचलोही होतो.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नाही, कारण हळदीकुंकू म्हणजे दारात चपलांचा ढीग, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. वाण देणाऱ्या त्याच बायका घेणाऱ्याही असतात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, हे डोक्यात शिरलंच नाही. आणि शब्द पाळून मी कुणाचं कुणाला सांगितलंही नव्हतं.

तिसऱ्या हळदीकुंकवानंतर काकूंचा निरोप आला. गेलो तर टेबलावर तीन रुमाल शेजारी शेजारी मांडलेले.

“हा माझा. हा अलीगंजच्या इंजिनिअरीणबाईंचा. हा आज मिळाला. फरक सांग.”

काकूंची शाळकरी मुलगी आतून हसत आली. “मम्मी, अब तो सबको सर्दी-ज़ुकाम होना चाहिए।”

“तू गप गं! अरे, अजून चार घरं व्हायचीत. त्या बायका काय म्हणतील? पैसे परत दे त्यांचे आणि मोकळा हो.”

परत देणं सोपं होतं. पण मग तिकीट गेलं असतं. रथसप्तमीला अजून नऊ दिवस होते. मी म्हटलं, “काकू, परत नाही देणार. बदलून देईन. तुम्ही फक्त सांगा, बायकांना खरोखर काय उपयोगी पडतं.”

त्यांनी मुलीला कागद-पेन आणायला सांगितलं आणि वस्तूंची यादी करून दिली.

दुसऱ्या दिवशी चारही घरी जाऊन मी खरं काय ते सांगून टाकलं. एका घरी ऐकावं लागलं, “म्हणजे तिनेही तुझ्याकडूनच घेतले? आणि मला म्हणाली, भावाने पाठवलेत!” एकीने पैसे परत मागितले, मी तिथेच मोजून दिले. उरलेल्या तिघींना मी काकूंकडे एकत्र बोलावून विचारलं की कुणी काय द्यायचं, आणि तिघींच्या देखत ते यादीत लिहिलं. एकीचे बटवे, एकीची चष्म्याची घरं, एकीची ट्रेवर अंथरायची कापडं.

अमीनाबादेत दुकानदारांनी आधी चहा पाजला, मग म्हणाले, “माल वापस नहीं होता, बेटा. हाँ, जिसकी तह न खुली हो, बदल देंगे।” चार गठ्ठ्यांपैकी तीन जसेच्या तसे होते. चौथ्यातल्या रुमालांत तिळगुळाच्या पुड्या बांधून झाल्या होत्या आणि कडांना कुंकू लागलं होतं. तो गठ्ठा माझ्या माथी आला. नव्या वस्तू रुमालांपेक्षा महाग होत्या. वरचा फरकही मीच भरला.

मग थंडीत, धुक्यात, सायकलच्या कॅरिअरला गठ्ठे बांधून तीन घरांना फेऱ्या घातल्या. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी शेवटचे बटवे पोचले. दरम्यान, सुरुवातीला नको म्हणालेल्या दोन घरांनीही स्वतःहून मागवलं, “पण कुणाकडेच नसलेलं दे.” त्यांच्यासाठी पुन्हा एकदा अमीनाबादेत गेलो.

एवढं करूनही पैसे कमी पडले. धरून चाललो होतो त्याच्या जेमतेम अर्धे हाती आले. काकूंनी पाकीट पुढे केलं. “राहू दे रे, आल्यावर दे.” मी घेतलं नाही. इतके महिने त्यांच्या घरी जेवलो होतो, ते ऋण मला पुरेसं होतं. सायकल विकली. ट्रॅव्हल एजंटकडे मुदतीच्या दोन दिवस आधी पोचलो आणि नोटा काउंटरवर ठेवल्या. एजंटने दोनदा मोजल्या आणि तिकीट माझ्यापुढे सरकवलं. मी नाव वाचलं, तारीख वाचली, पुन्हा नाव वाचलं.

“सब ठीक है न?” त्याने विचारलं.

“ठीक है।”

तिथून पायीच पोस्टात गेलो आणि उभ्याउभ्या वडिलांना कार्ड लिहिलं. ‘तिकीट झालं. तुम्ही पाठवलेले आणि मी जमवलेले मिळून पुरले. मे महिन्यात जातो.’ सायकलीबद्दल काही लिहिलं नाही. अजून जागा उरली होती, म्हणून खाली विमान कुठल्या वेळी सुटतं ते लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.