वेलीवरचा हात

वनस्पती-संग्रहालयात तिला सगळे खार म्हणत. जंगलातल्या उंच झाडांवर चढायचं आणि शेंड्यावरची फुलं पानांसकट खाली आणायची, हे तिचं काम. कमरेचा दोर खालून धरायला नणंद. घरात दोघींचं मिठाच्या डब्यावरूनही वाजायचं, पण दोराला ताण आला की नणंदेचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

वेल असली की खारीचा एक नियम होता. जमिनीपाशी खोडावर हात ठेवायचा आणि फूल मिळेपर्यंत तो वर सरकवत न्यायचा, उचलायचा नाही. वर कोण कुणाची, हे डोळ्यांना कळत नाही. वेली एकमेकींच्या गळ्यात पडून उजेडाकडे जातात, आणि तिथे पोचल्या की कुठून आल्या हे विसरतात.

गेल्या हंगामात गारवेलीच्या कुळातली एक वेल हवी होती. मनगटाएवढं लाकडी खोड, फूल कुणी पाहिलेलं नाही. तिने खालून खोडाचा तुकडा घेतला, वरून फुलांची डहाळी आणली. दोन्ही वाळवून एकाच जाड कागदावर चिकटवलं गेलं. पुढे संग्रहालयाच्या साहेबांनी भिंग लावलं आणि चूक पकडली. खोड एका वेलीचं, डहाळी भलतीचीच.

तिला जागा लगेच आठवली. अर्ध्यावरच्या बेचक्यात मुंग्या चावल्या होत्या, आणि त्या झटकायला तिने हात काढला होता.

साहेब रागावले नाहीत, हेच तिला लागलं. कागद बाद करू, ते म्हणाले, आणि गुडघा एवढा सुजतोय तर आता खाली बसून चिकटवायचं काम करा.

"कागद खुशाल फाडा," ती म्हणाली. "बहर आला की मी पुन्हा जाणार. नंतर बसेन खाली."

बहर आला तेव्हा गुडघ्याचा भोपळा झाला होता. कमरेला दोर बांधताना नणंद कुरकुरली, "वहिनी, पडलीस तर दादाला काय सांगू? बायको वेलीला दिली म्हणून?"

"सांग, स्थळ बरं होतं."

ती चढली. डावा हात वेलीवर, उजव्याने फांदी धरायची, खालून नणंद सैल झालेला दोर ओढून घ्यायची. गुडघा प्रत्येक वेळी आपलं म्हणणं मांडत होता. बेचक्यात दोन वेली पिळून एक झाल्या होत्या, साल सारखीच. मुंग्या बाहीत शिरल्या. तिने चावू दिलं. बोटं पिळाभोवती फिरवत तिने आपली वेल सोडवून घेतली.

तिथून वर पाहिलं तर गेल्या वर्षीचीच जांभळी फुलं ढिगाने फुललेली, हाताच्या अंतरावर. तिची वेल मात्र तिकडे गेलीच नव्हती. ती आडवी होऊन शेजारच्या झाडावर पसरली होती.

नणंद खालून म्हणाली, आता उतर, उद्या बघू. खारीने दुसरा दोर शेजारच्या झाडावर टाकायला सांगितलं. उतरायचं म्हणजे हात काढायचा.

नणंदेचे नेम चुकत राहिले. प्रत्येक नेमाला एक शिवी, अर्धी झाडाला, अर्धी वहिनीला. खार बेचक्यात बसून राहिली. हात बधिर झाला, मग तो आपला आहे की वेलीचा हेही कळेना. या हिरव्या काळोखात कुणीच स्वतःच्या पायावर उभं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही दिसेना.

शेवटी दोर पलीकडच्या फांदीवर नीट अडकला. नणंदेने त्याचं टोक लांब काठीने वर पोचवलं. खारीने ते कमरेला बांधलं आणि वेलीच्या कडेने ती पलीकडे सरकली. टोकाशी पानांच्या बगलेत फुलं होती. नखाएवढी, मळकट पांढरी, मागून तांबूस लव.

ही डहाळी तिने खाली टाकली नाही. सदऱ्यात घालून उतरली. नणंदेने ती उलटसुलट करून पाहिली.

"एवढंसं? यासाठी मरत होतीस?"

खारीचा डावा हात अजून उघडत नव्हता. तिने उजव्याने देठ दाखवला. "फूल पानाला धरून आहे, बघ. आणि पान आपल्या वेलीलाच धरून आहे."