जपूनबाई

जुन्या कापडाच्या तुकड्यांचा डबा उघडताना बाई श्वास रोखून धरत, आणि आजूबाजूच्यांनीही तो धरावा अशी त्यांची अपेक्षा असे. कुणी शिंकलं की दचकून आधी डब्यावर हात ठेवत, मग शिंकणाऱ्याकडे बघत. दिवसभरात 'जपून' हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वेळा येई, की उत्खननावरच्या बायकांनी त्यांचं नावच जपूनबाई पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. "बरं झालं," म्हणाल्या, "नाव घेताना तरी सांभाळून वागाल."

सोनपेठ तालुक्यात, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी, आमच्या गावचं पांढरीचं, जुन्या वस्तीचं टेकाड खणलं जात होतं. मी गंगाखेडला इतिहास घेऊन बी.ए. झाले होते, म्हणून सापडलेल्या वस्तूंची नोंदवही लिहायचं काम मला मिळालं. बाई पुण्याहून आल्या होत्या त्या फक्त कापडासाठी. मातीत कापड कसलं टिकतंय, असं मला वाटे. एकदा त्यांनी तांब्याच्या कड्यावरचा हिरवा गंज भिंगाखाली धरला. त्यात उभे-आडवे बारीक धागे दिसले. कापड कधीच कुजलं होतं, पण त्याची वीण गंजानं धरून ठेवली होती. "घाण वाटेल ते आधी मला दाखवायचं," हा त्यांचा नियम.

माती उचलायला येणारी काशीमावशी त्यांना एकदा म्हणाली, "बाई, एवढ्याशा चिंधीसाठी तुमी लय भ्यायलाव."

"विटा पुन्हा सापडतात, मावशी," बाई म्हणाल्या. "हे एकदा गेलं की गेलं."

बाई डोळे दाखवायला परभणीला गेल्या, त्याच दिवशी खड्ड्यातून एक तांब्याची वाटी निघाली. दुसऱ्या दिवशी उत्खननाचे मोठे साहेब पाहायला येणार होते. वाटी हिरवीगार, खरबरीत. नियम मला पाठ होता, तरी वाटलं, साहेबांपुढं अशी कशी ठेवायची? घरी तांब्याची भांडी घासतो तशी चिंच लावून घासली. लख्ख निघाली. पाणी, आमचं काम चालायचं त्या शाळेमागच्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतून दिलं.

चारच्या एसटीनं बाई आल्या. मी कौतुकानं वाटी पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

"वर काय होतं?"

"गंज होता."

"कसा?"

"खरबरीत... पोत्यावानी," म्हणाले, आणि म्हणता म्हणता ध्यानात आलं, ती कापडाची वीण होती.

बाई शाळेच्या पायरीवर बसल्या. रागावतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पाणी कुठं टाकलंस? चिंचेत ते अजून विरघळत असेल. चल लवकर."

झाडाखालची ओली माती आम्ही हातांनी खरवडून परातीत घेतली, स्वच्छ पाण्यात सोडली. बाईंनी ब्रश उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं होतं. "मला आज जवळचं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तूच बघ."

मी भिंग घेतलं. प्रत्येक हिरवा कण कापड वाटे, भिंगाखाली नुसती माती निघे. काशीमावशी वाऱ्याला पदर आडवा धरून उभी होती. "हाय का गं काई?" ती विचारी. मी म्हणे, "न्हाई." ऊन शाळेच्या भिंतीवर चढत गेलं. बाई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कारण परातीतलं त्यांना दिसत नव्हतं.

उजेड सरता सरता मसुरीच्या डाळीएवढा एक पापुद्रा हाती लागला. चार धागे उभे, तीन आडवे. मी ते मोठ्यानं मोजले. बाईंनी मला पुन्हा मोजायला लावलं.

नोंद लिहायची वेळ आली तेव्हा मी रडकुंडीला आले. "बाई, वाटीवर कापड नव्हतंच असं लिहा ना. माझं काम जाईल."

"होतं गं," त्या म्हणाल्या. "तूच तर धागे मोजलेस." आणि वही त्यांनी माझ्याकडून काढून घेतली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी नीट जेवले नाही. साहेबांची जीप दिसली की वाटे, आता बोलावणं येणार. आलं नाही. बाईंची नजर मात्र अधू होत गेली. काम आटोपताच त्या पुण्याला परतल्या आणि पुन्हा कुठल्याच उत्खननावर गेल्या नाहीत. गेल्या वर्षी त्या वारल्या.

त्या पुण्याला परतल्या तेव्हाच वही पुन्हा माझ्या ताब्यात आली होती. आठवडाभर ते पान उघडायचं धाडस झालं नाही. शेवटी उघडलं. वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या ओळींत बाईंनी लिहिलं होतं: "वाटी धुतल्यानं कापड नष्ट झालं. दोष देखरेखीचा, म्हणजे माझा." खाली सही. त्याखाली आणखी एक ओळ: "उरलेला तुकडा शोधणारी," आणि पुढं माझं नाव, वडिलांच्या नावासकट, संपूर्ण.

मी ती ओळ दोनदा वाचली आणि उठून खोलीचं दार आतून लावून घेतलं.