तिसऱ्या खांबावरचा गेरूचा आकडा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. सिव्हिल इंजिनिअर आहे, आयुष्यभर शिकवलंही तेच... ज्याचं माप घेता येत नाही ते मी मानत नाही. या सदरातले अनुभव वाचून मी बऱ्याचदा हसलोय, हेही कबूल करतो. पण एक गोष्ट गेली कित्येक वर्षं पोटात ठेवली आहे आणि ती आता लिहून टाकतो. भीती वाटली म्हणून नाही लिहीत. जळलो म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर होतो. आमच्या विभागप्रमुखांकडे — त्यांना नुसतं 'सर' म्हणतो — जुन्या पुलांच्या सुरक्षिततेवरचा एक संशोधन प्रकल्प आला होता. आपल्या जिल्ह्यात संस्थानाच्या काळातले दगडी पूल बरेच. उसाच्या ट्रॉल्या, एसटी, दुधाचे टँकर... त्यांच्यावरून रोज काय काय जातं! हे पूल अजून किती टिकतील, पुरात कुठला आधी दगा देईल, ते आम्हाला शोधायचं होतं. सरांनी मदतीला दोघांना घेतलं. एक मी आणि दुसरा मल्लू.

मल्लू, म्हणजे मल्लिकार्जुन. गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचा, घरी कन्नड, बाहेर मराठी. माझा मित्र होता... आणि त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. मार्क माझे जास्त, इंग्रजी माझं बरं, कॉम्प्युटर मला येत होता. पण सर साइटवर गेले की विचारायचे, "मल्लू, तुला काय वाटतं?" तो चपला काढून पुलावर अनवाणी उभा राहायचा, ट्रक जाऊ द्यायचा आणि म्हणायचा, "सर, ह्यो मधला खांब बरा न्हाय वाटत." मग आम्ही चार दिवस उपकरणं लावून मोजायचो आणि मधलाच खांब निघायचा. सर हसून त्याच्या पाठीवर थाप मारायचे. माझ्या पाठीवर ती थाप कधी पडली नाही. मी दिवसचे दिवस आकडे घासायचो आणि हा तळपायानं उत्तर आणायचा.

आणखी एक सवय होती त्याची. माप घेतलं की गेरूच्या खड्यानं तिथल्या दगडावर लिहायचं, आणि तेही कन्नड आकड्यांत. आईनं लहानपणी तसेच शिकवले होते म्हणे. मी चिडवायचो, की हे कोण वाचणार? तो म्हणायचा, "तू वाच की. शिकवतो." आणि खरंच शिकवले त्यानं मला ते आकडे.

त्या उन्हाळ्यात मुरगूडच्या पुढे वेदगंगेवरच्या एका पुलाचं काम आम्ही हाती घेतलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. कठड्यापासून खाली मोजलं तर खांबांचा पाया साडेअकरा मीटरवर संपतो, हे जुन्या नकाशावरून आम्हाला माहीत होतं. पुरात खांबाच्या नाकाशी, म्हणजे प्रवाहाकडच्या टोकाशी, पाणी भोवरा धरतं आणि तळाची वाळू-माती उकरून नेतं. ते उकरणं पायाच्या खाली पोचलं की खांब अधांतरी. पूल पडतात ते बहुतेक असेच. म्हणून पावसाळ्यात दोरीला शिशाचा गोळा बांधून मुख्य धारेतल्या तिसऱ्या खांबाशी कठड्यावरून सोडायचा आणि तळ किती खोल गेला ते मोजायचं, असं ठरलं होतं.

पण पावसाळा लागता लागता मल्लू दुसऱ्या एका पुलाच्या दगडांवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. मुरगुडात त्याची थोरली बहीण दिलेली, तिच्याकडे जाऊन पडला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. आता माप माझं, रिपोर्ट माझा.

मग पूर आला. पूल उंच, पण अलीकडचा रस्ता सखल. त्यावर पुरुषभर पाणी चढलं आणि पूल मधेच बेटासारखा राहिला. एसटी बंद. पलीकडच्या गावांचं दूध गुळाच्या काहिलीत, म्हणजे होडीसारख्या तरंगणाऱ्या त्या मोठ्या कढईत, कॅन ठेवून अलीकडे यायचं. काहील चालवायचे ते आंबी काका, साठीचे, नदीवरच जन्म गेलेले. उन्हाळ्यापासून आमची त्यांच्याशी ओळख होती.

पाणी उतरल्यावर एका मंगळवारी मी गेलो. सोमवारी संध्याकाळी कॉलेजातल्या कपाटातून दोरी आणि गोळा काढून ठेवला होता. दोरी जरा दमट लागली, पण कोल्हापुरात त्या दिवसांत काय कोरडं असतं? कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. सरांनी बजावून सांगितलं होतं, "विलास, उद्या माप घे आणि मला कळव. बांधकाम खात्याचे साहेब आपल्या पत्रासाठी थांबलेत. आपण बरं म्हटलं की परवापासून एसटी सोडणार आहेत."

सकाळचे साडेअकरा. बायका कठड्याशी उभ्या राहून नदीची ओटी भरत होत्या. मी तिसऱ्या खांबावर गोळा सोडला. नऊ मीटरवर टेकला. पाया साडेअकरावर, म्हणजे अडीच मीटर माती शिल्लक. उत्तम! वहीत लिहिलं. तेवढ्यात आंबी काका आले.

"परत मापाय लागलासा व्हय? परवा तर मापलं की."

"कोणी मापलं?"

"ते तुमचं दुसरं सर. मल्लूसर. इतवारी आलतं न्हवं का, ऐन पाण्यात. म्याच काहिलीतनं पुलावर सोडलं. चपला काहिलीतच ठिवल्या की त्यांनी. हीच दोरी, ह्योच गोळा. ह्यो बघा, लिवलंय बी."

त्यांनी दाखवलं. माझ्या हातापासून फूटभर अंतरावर, कठड्याच्या आतल्या दगडावर, गेरूनं, कन्नड आकड्यांत — अकरा पूर्णांक ऐंशी.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. तो आकडा पायाच्याही खाली जात होता, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नाही. डोक्यात एकच... हा चोरून आला! पाय बरा झाला ते लपवलं, कपाटाची दुसरी किल्ली करून घेतली, माझ्याआधी येऊन माप घेतलं, आता सरांच्या पुढे मला पाडणार. मी रुमाल ओला केला आणि तो आकडा घासून पुसला. काका बघत होते. "का वं?" म्हणाले. मी रुमाल खिशात कोंबला. स्कूटरला किक मारली आणि थेट मुरगूड गाठलं.

काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. दारात त्याची बहीण, अक्का, भाकऱ्या थापत होती. "या की दादा. तम्मा, कोन आलंय बघ," तिनं धाकट्या भावाला आत हाक दिली. आत मल्लू कॉटवर. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. तीन आठवड्यांचं मळलेलं प्लास्टर, त्यावर भाच्यानं पेननं गणपती काढलेला. मला बघून त्याचा चेहरा असा फुलला की जुळवलेलं सगळं बोलणं बाजूलाच राहिलं.

तरीही मी विचारलं, "रविवारी कुठं होतास?"

"कुठं असणार? हितंच की."

अक्का आतून म्हणाली, "तापानं फणफणलं होतं दिवसभर. मोरीत न्यायला बी आमचं मालक आनि शेजारचे दोघं लागतात."

मी कॉटखाली वाकून त्याच्या चपला बघितल्या... हो, बघितल्या! धूळ बसलेली, पट्ट्याला कोळ्याचं जाळं. पाणी प्यायच्या निमित्तानं त्याचे हात बघितले. गेरूचा कण नाही. इतकं बारीक मी कधी प्रयोगशाळेतही काही तपासलं नव्हतं.

"तिसऱ्याचा पाया बरा हाय न्हवं?" मल्लूनं विचारलं. "झोपल्या जागी मला तेवढीच काळजी लागलीय बघ."

"बरा आहे," मी म्हणालो. "नऊवर टेकला."

"मग बास. तू मापलंस म्हणजे काळजी न्हाय."

जेवून जा म्हणून दोघं मागे लागली. मी निघालो, पण स्कूटर कोल्हापूरला वळेना. नऊ हा आकडा मी स्वतः घेतला होता, त्यात चूक नव्हती. मग ऐन पुरात अकरा ऐंशी आणि उतरल्यावर नऊ, असं कधी होईल? रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. हे तर मीच पोरांना शिकवत होतो! पूर चढताना खड्डा पडतो आणि उतरताना पाणी त्यातच गाळ आणून टाकतं. गोळा टेकतो तो त्या नव्या, भुसभुशीत गाळावर. वरून तळ भरलेला दिसतो, पण त्या गाळाचा खांबाला कसलाच आधार नसतो. फळ्यावर दर वर्षी आकृती काढणारा मी नऊ बघून खूश झालो होतो, कारण तो आकडा माझा होता.

चार वाजता परत पुलावर. आंबी काकांना सांगून शेजारच्या मळ्यातून मोटारीचे दोन लोखंडी पाइप आणवले, जोडले, आणि चौघांनी धरून कठड्यावरून खाली सोडले. नऊवर टेकला. मी म्हणालो, "आता दाबा आणि फिरवा." पाइप लोण्यात सुरी जावी तसा जात राहिला. दहा. अकरा. साडेअकराही ओलांडला. मग ठक्कन थांबला. टेप लावला... अकरा मीटर ऐंशी. मी तीनदा मोजलं. काका म्हणाले, "मल्लूसरांनी बी हेच सांगितलंतं. म्हनले, विलास येतील मंगळवारी, त्यास्नी दाखवा."

मी मंगळवारी जाणार हे सोमवारी दुपारी ठरलं होतं. रविवारी ते कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा.

एसटी सुटली नाही. हिवाळ्यात पाणी आटल्यावर गाळ उपसला, तेव्हा खांबाच्या नाकाखाली माणूस बसेल एवढी पोकळी निघाली. पायाखाली काँक्रीट भरून पूल वाचवला आणि आजही तो वापरात आहे. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाइप मारून बघायचं तुला कसं सुचलं?" मी म्हणालो, "वाटलं सर, खात्री करावी." आणि पाठीवर थाप पडली. ती पडावी म्हणून मी दोन वर्षं तडफडलो होतो. पडली तेव्हा जागा चुकल्यासारखी लागली.

त्या खांबावरच माझा पेपर झाला, पुढे पीएच.डी. झाली, दोन हजारच्या दशकात मी विभागप्रमुखही झालो. मल्लू बरा होऊन सीमेकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये गेला. त्याला मी हे कधीच सांगितलं नाही. आंबी काकांनाही 'कुणाला बोलू नका' म्हणून विनवलं होतं. त्यांनी शब्द पाळला आणि ते वारले.

तो कोण होता? तापात पडलेल्या माणसाचं मन चालत जातं, असं काहीजण म्हणतात. काका खोटं बोलत होते, असंही मी धरून बघितलं. पण त्यांना लिहिता येत नव्हतं, कन्नड तर दूरच. कुलपातली दोरी, मंगळवारचा निरोप... कशाचाच मेळ लागत नाही.

मल्लूच्या मुलीच्या लग्नात, गडहिंग्लजला, त्यानं मला हाताला धरून मांडवात फिरवलं. व्याह्यांना, जावयाला, सगळ्यांना सांगत होता, "मुरगूडकडचा पूल ह्यानं वाचवला. एसटीभर माणसं गेली असती. मी अंथरुणात पडलेलो, ह्यो एकटा गेला." मी मान हलवत होतो, लोक नमस्कार करत होते.

हे छापून आलं तर तो वाचेल. वाचावं म्हणूनच लिहितोय. पण मल्लू, एक गोष्ट खरी सांगतो. तो कोण होता, या प्रश्नानं माझी झोप कधी उडाली नाही. उडते ती दुसऱ्याच प्रश्नानं. त्या रविवारी मी धडधाकट होतो, कोल्हापुरात घरीच बसून होतो, दोरी माझी होती, किल्ली माझी होती. त्या पुलाच्या हाकेला जे कोणी आलं, ते पाय मोडलेल्या तुझं रूप घेऊन का आलं? माझं का नाही?